गैरहजेरीची कवायत

सुरुवातीलाच माफी मागतो. सुभेदारांविषयी लिहायचा माझा अधिकार फार थोडा आहे. त्यांना मी दोन वर्षं ओळखलं, तेही सकाळी सात ते नऊ, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही एकमेकांकडे न बघता एकाच पडद्याकडे बघत होतो. त्यांच्या पलटणीतल्या एखाद्याने लिहिलं असतं तर जास्त बरं झालं असतं. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असा लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरी कुणी नाही. वडिलांना फोन केला. ते माणदेशातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले होते. म्हणाले, "मेंढरावर लिहायचं असलं तर इचार." मेंढरांवर लिहायचं नव्हतं.

सुभेदार संगणकापुढे कधी बसत नसत. बसायचं आम्ही. ते खुर्चीमागे हात बांधून ताठ उभे राहत आणि पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, पलटणीपुढे दिवसाचे हुकूम वाचावेत तशी. "एक उभा होनार. शून्य बदलनार. शून्य पाडला जानार." वाचून झालं की थोडा वेळ थांबत. मग एकच प्रश्न विचारत, "हातानं कुनी काय केलंय का?" आम्ही चौघं विद्यार्थी एका आवाजात म्हणायचो, "न्हाई साहेब." त्यानंतरच खुर्चीवरच्याने 'येस' टाइप करायचं. ते यंत्र नुसता 'वाय' दाबलेला चालवून घेत नाही, पूर्ण शब्द मागतं. सुभेदारांना त्या यंत्राविषयी जो आदर होता त्यातला निम्मा तरी यामुळे होता.

तासगावच्या आमच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते. फौजेत सिग्नलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव औंधकडचं, पण त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, माहेर तासगावचं म्हणून इथे स्थायिक झालेले. काम म्हणजे प्रयोगशाळा उघडायची, बिघडलेले माऊस बदलायचे आणि संध्याकाळी पंखे बंद झालेत का बघायचं. 'सर' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "सर वर बसत्यात, स्टाफरूममधी. मी हितं खाली हाय," असं म्हणत. म्हणून आम्ही 'साहेब' म्हणायचो. मी त्यांच्या हाताखाली गेलो तो हुशारीमुळे नाही. मी मामाकडे राहत होतो, मामाच्या गावाहून येणारी एसटी पावणेसातला तासगावात सोडायची, आणि त्या वेळी कॉलेजात उघडं असलेलं दार एकच होतं.

ते जे शिकवत ते अभ्यासक्रमात नव्हतं. ते त्यांना तरी कुठे येत होतं? त्याची सुरुवात बेदाण्यापासून झाली.

आमच्या भागात द्राक्षं शेडमध्ये जाळीच्या रॅकवर अंथरून वाळवतात. वारं खेळायला हवं म्हणून शेडचे बाजूचे पडदे वर बांधलेले असतात. पाऊस आला तर पडदे खाली सोडावे लागतात, त्याला माणसं जमवण्यापासून तासभर जातो, आणि भिजलेला बेदाणा काळा पडतो. तासभर आधी कळलं तर हंगाम राहतो, नाहीतर जातो. म्हणून चाळीसेक शेडवाल्यांनी मिळून एक सोय केली होती. शेडांवर हवा मोजणारी छोटी यंत्रं बसवली होती, ती आपली माहिती क्लाउडवरच्या एका संगणकाला पाठवायची, आणि तो संगणक सगळ्यांच्या फोनवर मेसेज टाकायचा. क्लाउड म्हणजे ढग नव्हे. दूर कुठेतरी दुसऱ्याच्या इमारतीत असलेला संगणक आपण भाड्याने वापरायचा, एवढंच. मलाही ते पहिल्या वर्षीच कळलं.

ही सगळी जोडणी एका शेडवाल्याच्या इंजिनिअर पुतण्याने पडद्यावरची बटणं दाबून केली होती. पुतण्या परदेशी गेला. पुढच्या हंगामात ऐन माल रॅकवर असताना मेसेज बंद पडले. त्याला फोन लावला तर त्याला कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली ते आठवेना. तो खोटं बोलत नव्हता. दाबलेली बटणं कुठे लिहिलेली राहत नाहीत. त्या वर्षी पाऊस न सांगता आला.

शेडवाले कॉलेजात आले. प्राचार्यांनी समिती नेमू म्हणून सांगितलं. संगणकाच्या सरांनी हे अभ्यासक्रमात नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. सुभेदार कोपऱ्यात माऊस बदलत होते. ते म्हणाले, "ह्याच्यावर पुस्तक असंल. बघतो."

पुस्तक सांगलीत मिळालं. इंग्रजी, जाडजूड, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यातली मुख्य गोष्ट अशी होती की बटणं दाबायचीच नाहीत. आपल्याला काय काय हवंय ते एका फाईलमध्ये लिहायचं. यंत्र ती फाईल वाचतं, आता काय आहे ते बघतं, आणि फरक असेल तेवढा उभा करतं. सगळं कोसळलं तरी फाईल आहे तोवर पुन्हा तसंच्या तसं उभं राहतं. फाईल कुणाचीही असू शकते, चालवणारा कुणीही असू शकतो. सुभेदारांनी हे प्रकरण सांगलीहून येताना एसटीत वाचलं आणि त्या नादात तासगावला उतरायचे राहिले. विट्याच्या वाटेवर कंडक्टरने उठवलं. चुकलेला थांबा हा त्यांच्या आयुष्यातला एकच, असं काकू सांगायच्या.

पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'स्थायी आदेश'. वाचायचं ते पट्टी ठेवून, ओळीन् ओळ, काही न गाळता. लेखकाने सुरुवातीला बायकोचे, दोन मुलांचे आणि कुत्र्याचे आभार मानले होते. तेही आमच्याकडून वाचून घेतलं. शिराळ्याची एक मुलगी आमच्यात होती, ती धीट होती. तिने विचारलं, हे कशाला वाचायचं? सुभेदार म्हणाले, "हुकमात आपन निवड करायची नसती." तिने मान हलवली आणि कुत्र्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

या काटेकोरपणाचा एकदा त्रास झाला. पुस्तकातल्या उदाहरणात संगणक अमेरिकेत उभा केला होता. आम्हीही तिथेच केला. पहिले तीन आठवडे तासगावच्या शेडवर पाऊस येणार की नाही हे आम्ही अमेरिकेतून कळवत होतो. शेवटी शिराळ्याच्या मुलीच्या ते लक्षात आलं. सुभेदारांनी फाईलमधली एक ओळ बदलायला लावली, उभं राहून वाचून दाखवलं, आणि संगणक तिकडे पडून मुंबईत उभा राहिला. शेडवाल्यांना काहीच कळलं नाही. सुभेदारांच्या डोक्यात मात्र ते दोन दिवस घोळत होतं. मग म्हणाले, "एक वळ बदलली आन् समिंदर वलांडला. फौजेत ह्याला जहाज लागलं असतं."

पुस्तकातले शब्द आम्हाला जड जात, म्हणून ते समासात आपले शब्द लिहून ठेवत. काय हवंय ते लिहिलेली फाईल म्हणजे हुकूम. प्रत्यक्षात काय काय उभं आहे याची यंत्राने ठेवलेली नोंद म्हणजे हजेरीपट. लिहिलंय एक आणि आहे दुसरंच, अशा अवस्थेला पुस्तकात एक इंग्रजी शब्द होता. सुभेदारांनी त्यापुढे लिहिलं होतं, 'न सांगता रजेवर'. मी नंतर साताऱ्याला हा विषय रीतसर शिकलो तेव्हा मोठमोठी स्पष्टीकरणं वाचली. मला अजून समासातलंच आठवतं.

एकदा मी त्यांना विचारलं की बटणांवर त्यांचा एवढा राग का. मग त्यांनी सांगितलं की उंचावरच्या एका चौकीत त्यांची नेमणूक होती, आणि तिथली सगळी तारजोडणी एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस मुलीच्या बारशाला रजेवर गेला आणि मागे लाईन पडली. दीड दिवस चौकी मुकी होती. पुढे काय झालं, असं मी विचारलं. ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "तो मानूस मीच." आणि पुस्तक उघडून पट्टी ठेवली.

आता माझ्याविषयी सांगावं लागेल. ते टाळून हा लेख लिहिता आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या हंगामात माझ्या मामाने स्वतःची शेड उभी केली. माझा मामा म्हणजे मेंढरं विकून द्राक्षात उतरलेला आमच्या सगळ्या नात्यातला पहिला माणूस. एके सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी सुभेदार औषधं आणायला सांगलीला गेले होते. मामा म्हणाला, "भाच्या, माझ्या शेडचं नाव तेवढं घाल की त्यात." मी म्हणालो, साहेब उद्या येतील, फाईलमध्ये लिहून उद्या घालतो. मामाने चपलाही काढल्या नव्हत्या. "चार अक्षरं घालायला सुभेदार कशाला पायजे रं?"

आमच्याकडे काम तोंडी होतं. पाण्याची पाळी तोंडी, बैलाची जोडी मागायची ती तोंडी, लग्न ठरतं ते तोंडी. ज्याच्या घरात आपण जेवतो तो मामा दारात उभा असताना त्याला उद्या या म्हणणं मला जमलं नाही. मी सरळ त्या चालू संगणकात शिरलो आणि तिथल्या यादीत मामाचा नंबर हाताने घातला. दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मामाच्या फोनवर मेसेज आला, 'आज पाऊस नाही. पडदे वर.' मामाने तो गावात सगळ्यांना दाखवला आणि भाच्याने दोन मिनिटांत केलं म्हणून सांगितलं. मला फार बरं वाटलं. फाईलमध्ये लिहायचं उद्यावर ठेवलं. उद्या लिहायचं तर का लिहितोय ते साहेबांना सांगावं लागलं असतं, म्हणून ते परवावर गेलं. मग परीक्षा आली.

पंधरवड्याने आम्ही पुस्तकाच्या नवव्या प्रकरणाला पोचलो. त्यात जुना संगणक पाडून नव्या बनावटीचा उभा करायचा होता. खुर्चीवर मी होतो. मागे सुभेदारांनी वाचलं, "एक उभा होनार. शून्य बदलनार. एक पाडला जानार." थांबले. "हातानं कुनी काय केलंय का?"

आम्ही चौघं म्हणालो, "न्हाई साहेब." माझा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा आला नाही. मी 'येस' लिहिलं.

नवा संगणक फाईलप्रमाणे उभा राहिला. फाईलमध्ये मामाचं नाव नव्हतं. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी आभाळ भरलं आणि चाळीस शेडवाल्यांना तासभर आधी मेसेज गेला. मामाला गेला नाही. त्याच्या शेडचे पडदे वर होते, माल नऊ दिवस वाळलेला होता. दुसऱ्या दिवशी मामा फोन घेऊन तासगावात दुरुस्तीवाल्याकडे गेला. मेसेज येत नाही म्हणजे फोन बिघडला असणार, अशी त्याची खात्री होती. दुरुस्तीवाल्याने फोन उघडून पुसून दिला. भाच्याने केलेल्या कामात खोट असेल असं मामाच्या मनातही आलं नाही.

सुभेदारांना सांगायला मला दोन दिवस लागले. ऐकून घेतल्यावर ते उठले. प्रयोगशाळेला कुलूप लावलं, स्कूटर काढली आणि मला मागे बसायला सांगितलं.

मामा आणि मामी शेडमध्ये काळा माल वेगळा करत बसले होते. सुभेदार त्यांच्यापुढे तसेच ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय."

"आवं सुभेदार, पाऊस काय तुमी पाडला व्हय?" मामा उठून उभा राहिला.

"पावसाचं न्हाई म्हनत. मेसेज माझ्याकडनं गेला न्हाई." मग म्हणाले, "मी इचारलं हुतं. पन उत्तर ऐकलं न्हाई."

मामाला ते लगेच उमगलं नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि उमगलं. तो मला एक शब्दही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि त्या वर्षात कधीच नाही. मामीने चहा केला. सुभेदारांना कपबशी दिली, मला नुसता कप दिला. नंतर दुपारपर्यंत आम्ही चौघं माल निवडत बसलो. सुभेदार बेदाणा अगदी मन लावून निवडत होते, पण त्यांची नजर काटेकोर असल्यामुळे त्यांनी बराचसा चांगला मालही काळ्यात टाकला. मामीने तो त्यांच्या नकळत परत उचलला.

परत येताना त्यांनी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "खोटं बोललास त्याचं एवढं न्हाई. भ्यालं की मानूस बोलतंय. तू भ्याला न्हवतास. तू सवयीनं बोललास." आणि स्कूटर पुन्हा चालू केली. मी भ्यालो होतो की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर 'न्हाई साहेब' हे उत्तर बंद झालं. प्रत्येकाने काल सातपासून आतापर्यंत आपण काय काय केलं ते एकेक करून सांगायचं, असा नियम आला. पहिल्या दिवशी एकाने घरी जाऊन जेवल्यापासून सुरुवात केली. सुभेदारांनी त्याला थांबवलं नाही. भाजी कोणती होती तेही ऐकून घेतलं. एक हुकूम अमलात आणायला त्या दिवसांत पाऊण तास लागायचा. पण आपण काल काय केलं हे आम्ही पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो, आणि समोरचा माणूस ते खरोखर ऐकत होता.

दुसरी गोष्ट सुरू झाली ती गैरहजेरीची कवायत. नाव त्यांचंच. दर शनिवारी सुभेदार नसायचे. म्हणजे ते असायचे, पण नसायचे. फोन बंद करून कॅन्टीनसमोरच्या लिंबाखाली बाकावर बसायचे. आम्ही सरावासाठी ठेवलेली वेगळी जोडणी संपूर्ण पाडायची आणि फक्त फाईल आणि पुस्तक यांच्या आधारे पुन्हा उभी करायची. अडलं तरी त्यांना विचारायचं नाही. पहिल्या शनिवारी मी अडलो आणि धावत लिंबाखाली गेलो. त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलं आणि विचारलं, "कोन पायजे आपल्याला?" मी म्हणालो, साहेब पाहिजेत. ते म्हणाले, "ते न्हाईत." कॅन्टीनवाल्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला तो त्यांनी घेतला. कॅन्टीनवाला कवायतीत नव्हता.

त्या पहिल्या शनिवारी आम्हाला चार तास लागले. दोन महिन्यांनी पंचवीस मिनिटं लागू लागली. अडलं तिथे फाईलमध्ये काहीतरी लिहायचं राहिलेलं असे, ते आम्ही लिहून काढायचो, आणि पुढच्या शनिवारी तिथे कुणी अडत नसे. मामाच्या शेडचं नाव मी स्वतः फाईलमध्ये लिहिलं, आणि त्या दिवशी सुभेदारांनी ती ओळ दोनदा वाचली. एका शनिवारी ते खरोखरच नव्हते, यमाईच्या दर्शनाला औंधला गेले होते. आम्ही नेहमीप्रमाणे काम उरकून घरी गेलो. ते लिंबाखाली आहेत की नाहीत हे कुणी बघितलंही नव्हतं. सोमवारी हे त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तसा मी आधी बघितला नव्हता. शिराळ्याच्या मुलीने त्यांना तोंडावर विचारलं, "म्हणजे साहेब, तुमी नसला तरी चालतंय की आमचं?" ते म्हणाले, "दोन वर्सं दुसरं काय शिकवतोय मग?"

पदवीनंतर मला साताऱ्याला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. बाकीचे तिघंही पांगले, शिराळ्याची मुलगी पुण्याला नोकरीला लागली. निघायच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी मला सातला बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. या जोडणीला हात लावायची परवानगी कुणाकुणाला आहे, तेही फाईलमध्येच लिहिलेलं होतं. त्यातली माझ्या नावाची ओळ मला काढायला लावली. मग मागे उभे राहून वाचलं, "शून्य उभा होनार. शून्य बदलनार. एक पाडला जानार." तो एक म्हणजे मी. काल सातपासून काय केलं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दाखला काढला, मामीकडे जेवलो, बॅग भरली. ते थांबले. मी 'येस' लिहिलं. दोन सेकंद लागले.

"जानाऱ्याची चावी ठिवायची नसती," ते म्हणाले. मग मला उठवून ते स्वतः खुर्चीवर बसले. संगणकापुढे त्यांना मी प्रथमच बसलेलं बघत होतो. दोन बोटांनी, बराच वेळ घेऊन, मेसेज कुणाला जातो त्या यादीच्या शेवटी त्यांनी माझा नंबर लिहिला, आणि त्याच्या वर यंत्र वाचत नाही अशी एक ओळ, माणसांसाठीची: 'याची शेड नाही. तरी पाठवणे.'

साताऱ्याला मी फोन करत असे. दिवाळीपर्यंत आठवड्याला, मग महिन्याला. नवी मुलं कधी शिकायला घेणार, असं मी विचारलं की परीक्षा झाल्यावर घेतो म्हणायचे. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला आणि एका पहाटे माझ्या फोनवर मेसेज आला, 'आज पाऊस नाही. पडदे वर.' तेव्हापासून तो रोज येऊ लागला. वसतिगृहातली मुलं हसायची, माझ्या खिडकीला पडदाच नव्हता. मला मात्र रोज सकाळी साहेबांनी हाक मारल्यासारखं वाटायचं, त्यामुळे वेगळा फोन करायचं राहत गेलं. दोनदा केला तेव्हा त्यांचा फोन बंद होता. तेव्हा शनिवार होता का ते आठवत नाही. मी तो कवायतीत धरला. त्यांना त्रास द्यायला नको म्हणून पुन्हा केला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी मेसेज आला, 'तासाभरात पाऊस. पडदे खाली.' साताऱ्यात लख्ख ऊन होतं. दोन तासांनी मामाचा फोन आला. शेडच्या घटनेनंतर मामा आपणहून मला कधी फोन करत नसे. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. पडदे वेळेवर खाली घेतले, एक दाणा भिजला नाही, म्हणाला. त्याचा आवाज खुशीत होता. मी म्हणालो, "मामा, साहेबांना जाऊन सांग की. त्यास्नी लय बरं वाटंल."

पाऊस वाजत राहिला.

"आरं, कुनाला सांगू?" मामा हळू आवाजात म्हणाला. "सुभेदार जाऊन महिना झाला. हंगाम चालू करून दिला आन् चौथ्या दिवशी गेलं, झोपेतच. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, मेसेज तर रोज येत होता.

"येतोय की. आमी समदी म्हनतोय, तू साताऱ्यातनं बघतोस म्हनून."

मी काही बघत नव्हतो. मी समजत होतो, साहेब बघतायत.